आवृत्तीची वेस

"तुमचा पेपर कोणाचा?" पत्रकाराच्या वाट्याला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत कुठेही येतो. कोणाचा म्हणजे कोणत्या पक्षाचा, कोणत्या साहेबांचा आणि आवाज थोडा खाली आणून विचारलं तर कोणत्या जातीचा. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याचं आधीच ठरलेलं असतं. मी हसून वेळ मारून नेते. या प्रश्नाची मला कधी फार काळजीही वाटली नाही. मालकाचा कल असतो, तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि मराठी वाचक त्या बाबतीत चांगलाच मुरलेला आहे. अमुक पेपरने अमुक नेत्याला आज झोडपलंय, म्हणजे यांचं काहीतरी फिस्कटलेलं दिसतंय, एवढा हिशेब तो चहा संपायच्या आत करतो.

ज्याचा हिशेब त्याला करता येत नाही तो पक्षपात वेगळा. तिथे खोटं काहीच छापलेलं नसतं. बातमी खरी, मथळा बरोबर, नावं-गावं तपासलेली. फक्त ती ज्यांनी वाचायला हवी, त्यांच्या अंकात ती नसते.

नाशिकला एका मोठ्या मराठी दैनिकाच्या डेस्कवर माझी बहुतेक नोकरी झाली. मोठं म्हणजे सकाळी टपरीवर जो पेपर आधी हातात घेतला जातो आणि दुपारपर्यंत ज्याच्या चिंध्या होतात, ते. मी लागले तेव्हा आमच्याकडे बायकांना रात्रपाळी देत नसत. पहिलं पान रात्री लागतं, त्यामुळे पहिलं पान पुरुषांचं आणि संध्याकाळी लवकर सुटणारी तालुक्यांची पानं आमची, अशी वाटणी आपोआप झाली होती. तेव्हा ती खुपायची. पुढे लक्षात आलं, की पेपर कसा चालतो हे जितकं सुरगाणा-पेठ-निफाडच्या पानांवर कळतं तितकं पहिल्या पानावर कळत नाही.

वाचकाला वाटतं, पेपर एक आहे. डेस्कवर तो एक नसतोच. नाशिक शहराचा अंक वेगळा, ग्रामीणचा वेगळा, धुळ्याचा, जळगावचा, नगरचा वेगळा; मुंबई, पुणे, नागपूर ही तर स्वतंत्र संस्थानंच. पूर्वी मोठ्या शहरात छापलेला अंक रात्रीच्या गाडीने जिल्ह्यांना जायचा, त्याला डाक आवृत्ती म्हणत. त्यात सुरगाण्याचं नाव यायचं ते तिथे काही भयंकर घडलं तरच. १९९०नंतर ठिकठिकाणी छपाई सुरू झाली, पानं आधी मोडेमवरून आणि मग इंटरनेटवरून जाऊ लागली आणि प्रत्येक जिल्ह्याला आपली चार पानं मिळाली. हा फायदा मी कमी लेखत नाही. तुंबलेली गटार, शाळेची गळकी खोली, एसटीची बंद झालेली मुक्कामी फेरी, यांना छापून यायचा हक्क मिळाला. पण त्या चार पानांना वेस आहे. गावाची बातमी तालुक्यात फिरते, तालुक्याची जिल्ह्यात. वेशीबाहेर जायचं तर वरून परवानगी लागते.

त्या परवानगीला आमच्याकडे "ऑल एडिशन" म्हणत. रोज संध्याकाळी मुख्य कार्यालयाबरोबर फोनवर बैठक व्हायची, पुढे ती स्क्रीनवर होऊ लागली. एकेका आवृत्तीला दोन-तीन मिनिटं. "नाशिक, काय आहे?" आमचे वृत्तसंपादक चार बातम्या सांगायचे. पलीकडून उत्तर यायचं, "पहिली ऑल एडिशन करा, बाकीच्या तुमच्याकडे वापरा." माझ्या नोकरीत सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेले शब्द बहुधा हेच: तुमच्याकडे वापरा. त्यात कोणाचा दुष्टावा नसायचा. मुंबईच्या वाचकाला नाशिकच्या कोणत्या बातमीत रस आहे, हे मुंबईत बसलेला एक दमलेला माणूस दोन मिनिटांत ठरवत होता, इतकंच.

कांद्याइतकं हे दुसऱ्या कशात स्वच्छ दिसत नाही.

लासलगाव आमच्या आवृत्तीत. देशातली कांद्याची सर्वांत नावाजलेली बाजारपेठ. रोज दुपारी बाजार समितीतून किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव यायचे. सरासरी क्विंटलला चार हजारांवर गेली की नाशिकच्या अंकात मथळा यायचा, "कांद्याला झळाळी". त्याच रात्री, त्याच बातमीवर, मुंबईच्या अंकात, "कांद्याने आणलं डोळ्यांत पाणी". एकाच पेपरचे दोन अंक आणि एकच आकडा. नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी हे दोन अंक शेजारी-शेजारी ठेवून दाखवायचे. त्यांना आधी गंमत वाटायची, मग ती विचारायची, की यातलं चूक कोणतं? चूक कोणतंच नाही. निफाडचा वाचक विकणारा आणि दादरचा विकत घेणारा, ज्याला त्याला आपापला मथळा मिळाला.

मेख पुढे आहे. भाव चढला की बातमी ऑल एडिशन. भाव पडला की तुमच्याकडे वापरा. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला कोंब फुटतात, बाजारात लाल कांदा यायला लागतो, जुन्याला कोणी विचारत नाही. शेतकरी लिलाव बंद पाडतात, रस्त्यावर कांदा ओततात. हे सगळं आम्ही छापलं आणि मन लावून छापलं. पण वाचलं कोणी? ज्याच्या चाळीत तो कांदा होता त्यानेच. त्याला त्याचंच दुःख आम्ही रोज सकाळी चार रुपयांना विकत होतो. मुंबईच्या एखाद्या माणसाने आमचा पेपर दहा वर्षं इमानाने वाचला असेल, तर त्याच्या डोक्यात कांदा हा फक्त महागच होत जाणारा पदार्थ असेल. पडलेला भाव त्याने आमच्याकडे फारसा वाचलेलाच नाही.

याचा परिणाम होत नाही असं कोणी म्हणू नये. १९९८ साली दिल्लीतलं राज्य सरकार कांद्याने घालवलं, असं आजही म्हणतात आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार शहरातल्या कांद्याला दबकून असतं. २०१९च्या सप्टेंबरात निर्यातबंदी आली, २०२०च्या सप्टेंबरात पुन्हा आली, २०२३च्या डिसेंबरात पुन्हा. बंदी मथळ्यांमुळे येते असं मी म्हणणार नाही. तिच्यामागे निवडणुका असतात, महागाईचे आकडे असतात. पण बंदी आली की शहरात कोणी हूं की चूं करत नाही. ही शांतता तयार करण्यात मोठ्या पेपरांचा वाटा आहे आणि त्यासाठी त्यांना एकही खोटा शब्द छापावा लागलेला नाही.

एकदा मात्र पडलेल्या भावाने वेस ओलांडली. २०१८च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला, हातात १,०६४ रुपये आले आणि ते त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले. मनीऑर्डरचे ५४ रुपये पदरचे. बातमी देशभर गेली, इंग्रजी वाहिन्यांवरही दिसली. त्याच भावाने कांदा देऊन गुपचूप घरी गेलेले शेतकरी त्या आठवड्यात कितीतरी होते, त्यांच्या हिशेबपट्ट्या आमच्या वार्ताहरांच्या खिशात होत्या. पण त्यांनी पंतप्रधानांना काही पाठवलं नव्हतं. आमचे एक वार्ताहर म्हणाले, "ताई, आता भाव पडला की बाजार समितीत नको, थेट पोस्टात जाऊन बसतो."

या वार्ताहरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पक्षपाताचा उगम लोक मालकाच्या केबिनमध्ये शोधतात आणि तो बऱ्याचदा वार्ताहराच्या मोटारसायकलच्या टाकीत असतो. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनात पेट्रोलही भागत नाही. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. सभापतींचा वाढदिवस, पतसंस्थेची वार्षिक सभा, दिवाळीला बाजार समितीचं पान, पंधरा ऑगस्टला सरपंचांच्या शुभेच्छा. वर्धापनदिनाच्या पुरवणीला तर तालुकावार टार्गेट येतं आणि ते पुरं झालं नाही की जाहिरात विभागाचा फोन संपादकांच्या फोनपेक्षा कडक असतो. ज्या व्यापाऱ्याने दिवाळीला अर्धं पान दिलं, त्याने शेतकऱ्यांचे पैसे थकवले तर ती बातमी याच माणसाने द्यायची.

एक वार्ताहर अशी बातमी पाठवून लगेच फोन करायचे. "ताई, बातमी पक्की आहे, कागद आहेत माझ्याकडे. पण माझ्या नावाने लावू नका आणि तालुक्याच्या पानावर तर नकोच नको. शहराला घ्या." म्हणजे वेस त्यांनाही कळत होती आणि ते तिचा उलटा उपयोग करत होते: गावात दिसू नये म्हणून बातमी शहरात. व्यापाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी कळायचीच, पण तोवर जिल्हा उपनिबंधकांच्या टेबलावर ती गेलेली असायची. अशा बातम्या मी उचलून शहरच्या डेस्कवर नेऊन द्यायचे. काही लागल्या, काही "आज जागा नाही" म्हणून राहिल्या. तेवढ्या मानधनात एवढी हिंमत बसवणारी माणसं मला संपादकांमध्येही क्वचित भेटली.

२०१८ सालीच, मार्चमध्ये, सगळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट घडली. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा पायी मुंबईकडे निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण इकडची माणसं, त्यातले बहुतेक आदिवासी. डोक्यावर लाल टोप्या, खांद्याला पिशवी, पिशवीत शिधा. आमच्या अंकात पहिल्या दिवसापासून मोठी बातमी होती. संध्याकाळच्या बैठकीत उत्तर ठरलेलं. मोर्चा इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरला, म्हणजे आमच्या आवृत्तीतून बाहेर पडला आणि पुढच्या आवृत्तीच्या डेस्कला तो आभाळातून पडल्यासारखा दिसला. मुंबईच्या पानावर त्याची पहिली ठळक बातमी आली ती वाहतुकीतल्या बदलांची: कोणता मार्ग टाळावा, कोणता घ्यावा.

मग ते फोटो आले. सोललेले, फोड फुटलेले तळपाय. ११ मार्चला सोमय्या मैदानावर मुक्कामाला आलेली माणसं दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून मध्यरात्रीनंतरच उठून आझाद मैदानाकडे चालू लागली आणि मुंबईचा जीव गलबलला. लोकांनी पाणी, बिस्किटं, चपला आणून दिल्या. मुंबईकर निर्दय कधीच नव्हते, त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. आता मोर्चा ऑल एडिशन होता, अख्खं पान होतं आणि मुख्य कार्यालयातून मला फोन होता: "वनहक्काचा नेमका प्रश्न काय आहे? दहा-बारा ओळीत पाठवता का?"

वनहक्क कायदा २००६चा. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्यांची नावं तिच्यावर लागावीत यासाठीचा. दावे दाखल झाले, फेटाळले गेले. चार एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचा पट्टा आला. अपिलं कचेरीत पडून राहिली. हे सगळं आम्ही सुरगाण्याच्या पानावर वर्षानुवर्षं छापलेलं होतं, वार्ताहराच्या नावानिशी, कधी फोटोसकट. मी ग्रंथालयातून जुन्या बातम्या काढल्या आणि त्यांचा गठ्ठाच स्कॅन करून पाठवला. त्यातली एकही बातमी त्याआधी कसारा घाट उतरली नव्हती. मुंबईच्या डेस्कवरचा तरुण उपसंपादक फोनवर म्हणाला, "मॅडम, हे आपल्याकडेच होतं?" आपल्याकडेच होतं. बातमीला जमलं नाही म्हणून माणसं १८० किलोमीटर चालली.

आता दुसऱ्या बाजूने बघू. काही बातम्यांना वेशीवर कोणी अडवत नाही. पोलिसांची प्रेसनोट त्यातली पहिली.

"दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद" हा मथळा डेस्कवर जवळजवळ तयारच पडलेला असतो. कलमं ठरलेली, तेव्हाच्या दंड संहितेतली ३९९ आणि ४०२. मुद्देमालही ठरलेला: कोयता, कटावणी, दोर आणि मिरचीची पूड. मिरचीची पूड न बाळगता दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी माझ्या पाहण्यात तरी आलेली नाही. वेळ रात्रीची, जागा आडबाजूची, पोलीस गस्तीवर असताना संशयास्पद हालचाली. आणि टोळी पुष्कळदा फासेपारध्यांची. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ साली गेला. मथळ्यातून तो अजून गेलेला नाही. एखाद्या जातीची बदनामी होईल अशा रीतीने जातीचा उल्लेख टाळावा, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. मी माझ्या पानांवर तो शब्द काढायचे. रात्री तीच बातमी पहिल्या पानासाठी उचलली गेली, की तो परत यायचा, कारण म्हणे त्याने बातमी "उठते".

एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला, की एक माणूस तासभर बसलाय, कोणालाही भेटव म्हणतोय. तिशीतला, इस्त्री केलेला शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये दोनच गोष्टी होत्या. एक आमच्या पेपरचं कात्रण, घड्यांवर पांढरं पडलेलं. त्यात कापडाने तोंडं झाकलेले पाच जण जमिनीवर बसलेले आणि मागे पोलीस रांगेत उभे. खाली पाचही नावं. दुसरी, कोर्टाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल: पंच फितूर, तपासात विसंगती, सर्व आरोपी निर्दोष. मधे साडेतीन वर्षं गेलेली. तो एका गॅरेजमध्ये कामाला होता, ते काम अटकेच्या आठवड्यातच गेलं होतं.

मी म्हटलं, आणा, बातमी करते. नाशिक ग्रामीणच्या पानावर उद्या-परवा लावू.

तो म्हणाला, "मॅडम, नाशिकला नाही छापली तरी चालेल. इथं मला कोण ओळखतंय? बारामतीला छापा. सासरवाडी तिथली आहे, तिथं आली होती ही."

कात्रणावर पुन्हा नजर टाकली, तर खरंच, ते आमच्या आवृत्तीचं नव्हतंच. अटकेची बातमी ऑल एडिशन गेली होती. त्याची बायको तेव्हापासून माहेरी होती. मी वृत्तसंपादकांकडे गेले. त्यांनी निकाल वाचला, मान हलवली, वाईट त्यांनाही वाटलं. "पण एक निर्दोष सुटल्याची बातमी ऑल एडिशन कशी मागायची? वरचे हसतील." बैठकीत त्यांनी ती मांडलीही. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी ग्रामीणच्या पानावर एक कॉलम लागला. त्याने स्टॉलवरून अंक विकत घेतले आणि बारामतीला घेऊन गेला. आमच्या वितरण विभागाचं काम त्याने पदरच्या पैशाने केलं.

मोठ्या पेपरची जबाबदारी जास्त का, याचं माझं उत्तर त्या फाइलमध्ये होतं. गावोगावी लहान साप्ताहिकं निघतात, त्यांत बरंवाईट काय काय छापून येतं. त्याची फाइल करून कोणी साडेतीन वर्षं सांभाळत नाही. आमच्यात आलेलं मात्र कागदपत्र होतं. लोक निवेदनाला कात्रण जोडतात, तहसीलदार ते वाचतो, बँकेचा मॅनेजर वाचतो, पोरीचं लग्न जमवणारा मामा वाचतो. "पेपरात आलंय" या दोन शब्दांपुढे वाद थांबतो. हे वजन आम्ही वापरतो, जाहिरातीचे दर त्यावरच ठरवतो. ते अटकेला लावायचं आणि सुटकेला लावायचं नाही, हे कोणत्या न्यायाने?

हे एका पेपरचं दुखणं नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत सूर अनैतिक संबंधांतून झालेल्या हत्याकांडाचा होता आणि तो जिल्ह्याच्या पातळीवरच फिरत राहिला. उर्वरित महाराष्ट्राला आणि देशाला नीट कळायला जवळपास महिना लागला. कळलं तेही कार्यकर्त्यांनी सत्यशोधन करून अहवाल काढले आणि नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. भंडाऱ्याहून नागपूर तासा-दीड तासाच्या रस्त्यावर आहे. त्याच वर्षी अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठांची पाहणी केली होती. त्यांत दलित किंवा आदिवासी एकही सापडला नाही. आमच्या संध्याकाळच्या बैठकीची पाहणी कोणी केली नाही. करायला दोन मिनिटं पुरली असती.

पैसा आला की मात्र वेस उघडते, हेही डोळ्यांनी पाहिलं. २००९च्या विधानसभा निवडणुकीत पॅकेज हा शब्द न्यूजरूममध्ये उघडपणे वावरत होता. इतक्या प्रचारफेऱ्या, इतक्या मुलाखती, एक विशेष पान. एका आवृत्तीचा दर वेगळा, सगळ्या आवृत्त्यांचा वेगळा. मजकूर उमेदवाराच्या कार्यालयातून तयार यायचा, आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. एकाच मतदारसंघातले दोन उमेदवार एकाच अंकात, समोरासमोरच्या पानांवर, प्रचंड मतांनी निवडून येत होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण लावून धरलं. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली, तिने २०१०मध्ये नावानिशी अहवाल दिला आणि कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्ध करायचं टाळलं. पुढच्या वर्षी माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो बाहेर आला. तसंही १९७८च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद देणं आणि नापसंती नोंदवणं यापलीकडे अधिकार नाहीत. १९२० साली आंबेडकरांच्या "मूकनायक"ची जाहिरात पैसे भरून छापायलाही "केसरी" तयार झाला नव्हता. तेव्हा वेस पैशालाही उघडत नव्हती, आता पैशालाच उघडते. यातली प्रगती कोणती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ई-पेपर आला तेव्हा मला भाबडेपणाने वाटलं होतं, की आता हे संपलं. निफाडचं पान दादरमध्ये उघडेल. उघडतंच. पण त्यासाठी दादरच्या माणसाला यादीतून निफाड निवडावं लागतं आणि तो कशाला निवडेल? मोबाइलवरच्या ॲपने तर पुढची पायरी गाठली, तुम्ही कुठे आहात हे विचारून ते तुम्हाला तिथलंच दाखवतं. कांद्याची बातमी वाचकाचं ठिकाण बघून मथळा बदलते आणि तो बदलायला आता उपसंपादकही लागत नाही.

त्या फाइलवाल्या माणसानंतर मी डेस्कवर एक वही घातली. गुन्ह्याची जी बातमी ऑल एडिशन जाईल तिची नोंद: तारीख, पान, गुन्ह्याचा नंबर, कोर्ट, आणि शेवटचा रकाना निकालासाठी मोकळा. कोर्ट बघणारा बातमीदार अधूनमधून वही चाळतो आणि विचारपूस करतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात बायलाइन मिळत नाही आणि पुष्कळ नोंदी तशाच राहतात, कारण तारखांवर तारखा पडतात. तरीही मोकळे रकाने हळूहळू भरायला लागले आणि निर्दोष सुटलेल्यांच्या बातम्या निदान आमच्या पानांवर तरी यायला लागल्या.

नव्या वृत्तसंपादकांशी माझा वाद आहे तो त्याच्या पुढचा. ते म्हणतात, अटक ही बातमी आहे आणि चार वर्षांनंतरची सुटका ही नोंद. नोंदीला पहिलं पान दिलं तर पेपर कोणी वाचणार नाही. आकाराबद्दलचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पाच कॉलमची भरपाई पाच कॉलमने करा असं मी कधी मागितलेलं नाही. माझं मागणं आवृत्त्यांचं आहे: पहिली बातमी ज्या-ज्या अंकात गेली, त्या-त्या अंकात दुसरी जावी. सहा ओळी पुरतात, मी लिहून दाखवल्या आहेत. त्यांना त्या महाग वाटतात, कारण सहा ओळी गुणिले सगळ्या आवृत्त्या असा त्यांचा हिशेब आहे. अटकेच्या बातमीच्या वेळी हा गुणाकार कोणी केला नव्हता.